'मत्तविलास' मराठीत बसवताना: संहितेपासून पहिल्या प्रयोगापर्यंत

पल्लव राजा महेंद्रवर्मन याचं 'मत्तविलास' हे 7व्या शतकातलं संस्कृत प्रहसन हौशी गटाला वरवर पाहता अगदी सोयीचं वाटतं. अंक एकच, पात्रं मोजकी, नेपथ्य जवळजवळ नाहीच. विषयही असा की नुसता सांगितला तरी लोक हसतात: दारू प्यायलेला कापालिक (कवटीत भिक्षा घेणारा शैव संन्यासी), त्याचं हरवलेलं कपाल (तेच कवटीचं भिक्षापात्र) आणि चोरीचा आळ आलेला बौद्ध भिक्षू. म्हणूनच ते घाईत बसवलं जातं आणि बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतं. सगळी मेहनत झिंगण्यावर खर्च होते. पहिली पाच-सात मिनिटं हशा येतो, मग प्रेक्षागृह थंड पडतं आणि शेवटी कपाल सापडतं तेव्हा त्याचं कुणाला काही वाटेनासं झालेलं असतं.

हे नाटक दारूवर नाही, वादावर चालतं. यातले तिन्ही संन्यासी आपापल्या व्रताबद्दल पूर्ण गंभीर आहेत आणि त्याच गांभीर्याने ते अचाट युक्तिवाद करतात. खालचे टप्पे हे सूत्र हातातून निसटू नये म्हणून लावले आहेत. त्यांचा क्रम मोडू नका. विशेषतः सहावा आणि सातवा टप्पा उलटा केला, तर नाटक पुन्हा रुळावर आणणं फार कठीण जातं.

कथा थोडक्यात अशी. कांची नगरीत सत्यसोम हा कापालिक आपल्या सखीसह, देवसोमेसह, मद्यालयाकडे येतो. भिक्षा घ्यायच्या वेळी लक्षात येतं की कपाल जवळ नाही. त्यात भाजलेलं मांस होतं, म्हणजे ते एकतर कुत्र्याने नेलं असणार किंवा बौद्ध भिक्षूने. तेवढ्यात नागसेन नावाचा भिक्षू चीवराखाली, म्हणजे अंगावरच्या वस्त्राखाली, काहीतरी झाकून लगबगीने जाताना दिसतो. भांडण जुंपतं, बभ्रुकल्प नावाचा पाशुपत (दुसऱ्या एका शैव पंथाचा संन्यासी) मध्यस्थी करायला येतो, आणि शेवटी एक वेडा, उन्मत्तक, कुत्र्याकडून हिसकावलेलं ते कपाल घेऊन हजर होतो.

## टप्पा 1: वादाची वही

टी. गणपती शास्त्री यांनी 1917 साली त्रिवेंद्रमहून हे प्रहसन छापलं, तो मूळ पाठ आणि एखादा विश्वासू अनुवाद शेजारी ठेवून वाचा. संस्कृत येणारी व्यक्ती गटात नसेल तर संस्कृतच्या एखाद्या शिक्षकांना दोन बैठकांपुरतं बोलवा.

वाचताना चार रकाने आखा: कोण बोलतो, काय दावा करतो, पुरावा काय देतो, समोरचा तो कसा मोडतो. ही वही म्हणजे तुमच्या दिग्दर्शनाचा पाया.

एक नोंद जवळून पाहू. भिक्षू आपलं भिक्षापात्र सर्वांसमोर उघडून दाखवतो. ते काळं आहे, कपाल पांढरं होतं. वाद इथे संपायला हवा. पण कापालिक म्हणतो, रंग बदललाय. पुढे तो याहून मोठा डाव टाकतो: डोळ्यांसमोर दिसणारी पृथ्वी, समुद्र, पर्वत हे सगळं जे 'नाही' म्हणू शकतात, त्यांना एवढंसं कपाल दडवणं काय अवघड? दिसणारं जग खरं नाही, हे बौद्ध दर्शनातलं मत त्याने थेट चोरीचा पुरावा म्हणून वापरलं. हा विनोद आवाजाने किंवा हातवाऱ्यांनी उभा राहत नाही. नटाला दर्शनातला तो मुद्दा कळलेला असेल आणि तो वकिलासारखा ठामपणे मांडला गेला, तरच हशा येतो.

भिक्षूचा बचावही असाच. तो शिक्षापदं म्हणून दाखवतो: न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही. म्हणजे आरोपी आपलं व्रतच साक्षीदार म्हणून उभं करतो.

तपासा: वहीतला प्रत्येक दावा तुम्हाला संहिता न बघता एका वाक्यात सांगता येतो का? अडलात, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: मराठी संहिता

जुना पाठ कुणाच्या मालकीचा नाही, पण छापील मराठी अनुवादावर अनुवादकाचा किंवा वारसांचा हक्क असू शकतो. परवानगी लेखी घ्या. दोन-तीन अनुवादांतून वाक्यं उचलून केलेली खिचडी स्वतःच्या नावावर लावू नका.

भाषेचा प्रश्न सर्वांत जास्त चुकतो. मूळ नाटकात कापालिक आणि पाशुपत संस्कृत बोलतात. देवसोमा, भिक्षू आणि उन्मत्तक प्राकृत बोलतात. यावरून अनेक गट सरळ ठरवतात की प्राकृत म्हणजे मालवणी किंवा वऱ्हाडी. हे करू नका. मग लोक बोलीला हसतात, विचाराला नाही, आणि ज्यांची ती बोली आहे त्यांना ते खुपतं, जे रास्तच आहे. त्यापेक्षा फरक वाक्याच्या घडणीत आणा. कापालिकाला शास्त्री बोलतात तशी लांब, तोलून टाकलेली वाक्यं द्या. मद्यालयाच्या दारात उभं राहून तो तर्कशास्त्राच्या भाषेत बोलतो, यातच गंमत आहे. देवसोमेला छोटी, चटपटीत, घरगुती वाक्यं द्या. भिक्षूला प्रवचनाचा मऊ सूर द्या, जो धक्का बसला की तुटतो. उन्मत्तकाची वाक्यं अर्धवट सुटणारी, पण प्रत्येक तुकडा स्वच्छ ऐकू येणारा.

मद्यालयाला यज्ञमंडपाची उपमा देणारा उतारा कधीही गाळू नका: तिथला खांब हा यूप (यज्ञस्तंभ), मद्य हा सोम, पिणारे ऋत्विज (यज्ञ करणारे पुरोहित), पेले चमस (सोमरसाची पात्रं), भाजलेलं मांस हवी (आहुती), बरळणं म्हणजे यजुर्मंत्र, गाणी म्हणजे साम, मालक यजमान. मराठीत याची यादी तुटक, समान लयीची करा. नटाने प्रत्येक वस्तूकडे आधी पाहायचं आणि मग ती उच्चारायची. तिसऱ्या-चौथ्या वस्तूला हशा सुरू होतो. त्यासाठी थांबायचं नाही, वेगही वाढवायचा नाही.

नावाचा एक विनोद तर मराठीत जसाच्या तसा उतरतो. नशेत कापालिक 'देवसोमे' म्हणायच्या जागी 'सोमदेवे' म्हणतो. ही दुसरी कोण, असा संशय तिला येतो. तो दोष मद्यावर ढकलतो आणि आजपासून मद्य सोडतो म्हणतो. तेव्हा ती घाबरून पायाच पडते: माझ्यापायी तुमच्या तपाचा भंग नको! तिची कळवळ खरी असू द्या.

सावधान: राजकारण, वाहिन्या, दारूचे ब्रँड यांवरचे आजचे टोमणे घालू नका. देवसोमा म्हणते की न्यायालयात जाऊन उपयोग नाही, विहाराच्या संपत्तीतून हा भिक्षू अधिकाऱ्यांची तोंडं भरेल, आमच्याकडे सापाची कात आणि भस्म याखेरीज काय आहे? या वाक्याला कुठल्याही फोडणीची गरज नाही.

## टप्पा 3: कात्री आणि प्रमाणपत्र

पूर्ण पाठ मराठीत साधारण तासाभरात बसतो. स्पर्धेसाठी करत असाल तर नियमावलीतली वेळ आधी पाहा आणि त्यातून हशासाठी काही मिनिटं वजा करा.

सूत्रधार आणि त्याची रुसलेली पत्नी यांचा आरंभीचा प्रवेश छोटा करता येतो. पण त्याचा शेवटचा सांधा ठेवा. सूत्रधाराचा श्लोक अर्ध्यावर असताना पडद्याआडून "प्रिये देवसोमे" अशी हाक येते आणि नाटक सुरू होतं. एवढी सुंदर एंट्री लेखकाने आयती दिली आहे.

नाटकात जैन, बौद्ध, पाशुपत, कापालिक अशा चौघांवरही शेरे आहेत. एकाचे काढून दुसऱ्याचे ठेवणं हा सर्वांत वाईट पर्याय, कारण त्यातून नाटक कुणा एकाच्या विरोधात असल्याचा अर्थ निघतो. जैनांविषयीचा शेरा पिलेल्या कापालिकाच्या तोंडी आहे आणि त्याच्या तर्कातलं भोक प्रेक्षकाला दिसायला हवं. भिक्षूच्या बाबतीत महाराष्ट्रात विशेष काळजी घ्या. 1956च्या धर्मांतरानंतर इथे बौद्ध समाज मोठा आहे आणि त्याच्या श्रद्धा जिवंत आहेत. नागसेन हा 7व्या शतकातल्या कांचीच्या एका श्रीमंत विहारातला मनुष्य आहे, एवढंच दिसलं पाहिजे. पंचशील ध्वज, आजच्या वंदनेची चाल, 'जय भीम' यांपैकी काहीही त्याच्या आसपास येऊ देऊ नका.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. कच्ची संहिता पाठवू नका. सहाव्या टप्प्यातली वाचनं झाली, वाक्यं पक्की झाली, की मगच पाठवा, पण प्रयोगाच्या तारखेला पुरेसा अवधी राखून.

## टप्पा 4: कपाल आणि पात्र

या दोन वस्तू तालमीच्या पहिल्या दिवसापासून हातात हव्यात. "नंतर आणू" म्हटलं की नट हवेत भांडायला शिकतात.

कपाल कागदाच्या लगद्याचं करा. योग्य आकाराच्या वाडग्यावर थर चढवा, वाळल्यावर कडा किंचित वेड्यावाकड्या कापा, पांढऱ्या रंगावर पिवळसर हात मारा. नारळाची करवंटी वापरू नका. शेवटच्या रांगेतूनही ती करवंटीच दिसते. भिक्षूचं पात्र काळं, गोल, गुळगुळीत असू द्या.

इथली नेहमीची चूक अशी: संशय 'पटावा' म्हणून दोन्ही वस्तू सारख्या केल्या जातात. मग कापालिकाचा गैरसमज होणं स्वाभाविक ठरतं आणि अख्खा वाद निकामी होतो. पात्र उघडल्या क्षणी प्रत्येक प्रेक्षकाला कळलं पाहिजे की हे कपाल नव्हे. त्यानंतरही कापालिक मागे हटत नाही, हेच तर नाटक आहे.

दुसरी चूक: कापालिक कपाल घेऊन प्रवेश करतो आणि मग ते कुठेतरी 'गायब' करण्याची कसरत चालते. चोरी रंगमंचावर होत नाही. तो रिकामाच येऊ दे. एक हात देवसोमेच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात गाईचं शिंग. कपाल नसल्याने पुढे तो याच शिंगात मद्य घेतो, आपद्धर्म म्हणून. कुत्राही दाखवायची गरज नाही. तो विंगेत भुंकतो एवढं पुरे.

तपासा: प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून दोन्ही वस्तू ओळखू येतात का?

## टप्पा 5: पात्रनिवड

'विनोदी नट' सगळ्यांत शेवटी शोधा. कापालिकाला लांब वाक्य एका दमात, अर्थासह पेलणारा नट हवा. भिक्षूला भोळा चेहरा नको, प्रामाणिक चेहरा हवा. देवसोमा म्हणजे सोबतीला दिलेली नटी नव्हे. न्यायालयाचं वाक्य तिचं आहे आणि भिक्षूला मद्य देऊ करून त्याला पेचात टाकणारीही तीच. पाशुपताला शांत आवाजाचा नट द्या. त्याचं मध्यस्थपण जितकं भारदस्त, तितकं ते निरुपयोगी ठरताना मजा येते.

## टप्पा 6: बसून तालीम, नशा बंद

पहिला आठवडाभर कुणीही झिंगायचं नाही. टेबलाभोवती बसून, सरळ आवाजात, वाद जिंकण्यासाठी वाचायचं. नट कुरकुरतात, त्यांना लगेच 'करून दाखवायचं' असतं. ऐकू नका.

या बैठकांत सर्वांत जास्त वेळ भिक्षूच्या स्वगताला द्या. त्याने धनदास नावाच्या व्यापाऱ्याकडे मासे-मांसाचं उत्तम भोजन घेतलंय. त्याला कोडं पडतं: बुद्धांनी प्रासाद, शय्या, तांबूल असं सगळं भिक्षूंना दिलं, मग स्त्री आणि मद्य यांची अनुमती का नसावी? नक्कीच असणार; निरुत्साही थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंनी, मत्सराने ती वचनं पिटकातून (बौद्ध धर्मग्रंथातून) पुसली असणार. मूळ, पूर्ण पाठ कुठे मिळेल? नट इथे डोळा मारतो आणि सगळं वाया जातं. हा माणूस लबाड नाही, तो एका पाठभेदाच्या शोधात तळमळणारा अभ्यासक आहे. पुढे देवसोमा मद्य देऊ करते तेव्हा त्याला ते हवं असतं, पण लोक बघतील ही भीती असते. स्वगत प्रामाणिक झालं असेल, तरच त्या एका क्षणाला प्रेक्षक त्याच्या बाजूने गलबलतात आणि हसतात.

तपासा: नशेशिवाय, अभिनयाशिवाय, नुसत्या वाचनाला बाहेरच्या दोन-चार माणसांना हसू येतंय का? येत नसेल तर संहिता दुरुस्त करा. उभं राहून ती दुरुस्त होणार नाही.

## टप्पा 7: उभी तालीम आणि नशेचा चढ-उतार

आता नशा आणा, पण मापाने. नाट्यशास्त्रात यासाठी थेट व्यवहारी सूचना आहे: रंगमंचावर पिणाऱ्याची नशा वाढत जावी, आणि पिऊन प्रवेश करणाऱ्याची उतरत जावी. भीती, शोक, हर्ष यांनी ती झटकन उतरते, असंही तिथे सांगितलं आहे. कापालिक पिऊनच येतो. म्हणजे प्रवेशाच्या वेळी त्याची नशा सर्वांत जास्त, आणि "कपाल कुठे?" या क्षणी ती खाडकन उतरायला हवी. कपाल गेलं तर तो कापालिक म्हणून उरतच नाही, एवढं मोठं ते संकट आहे. तिथून पुढे तो जवळजवळ शुद्धीवर भांडतो. शेवटपर्यंत सारखं झिंगत राहणं, हीच ती चूक जिच्यामुळे प्रेक्षक दमतात.

नशा पायांत नाही, डोळ्यांत आणि उशिरा येणाऱ्या प्रतिक्रियेत दाखवा. पिलेला माणूस तोल सांभाळण्याचा प्रयत्न करत असतो. जीभ तर मुळीच अडखळू देऊ नका. शब्द कळले नाहीत तर वाद गेला.

उन्मत्तकाबद्दल एवढंच: त्याची नक्कल करू नका. थरथरणं, लाळ, विचित्र हसू यांनी प्रेक्षक अवघडतात. त्याला जे दिसतं ते त्याच्यापुरतं खरं आहे, आणि साऱ्या शहाण्यांच्या वादात खरी वस्तू फक्त त्याच्या हातात आहे. कपाल देतो न देतो, ठेवतो आणि पुन्हा उचलतो, या जागा संथ बसवा.

## टप्पा 8: झटापट

ही मोजून बसवायची, सुचेल तशी करायची नाही. क्रम लिहून काढा आणि आधी निम्म्या वेगात करा.

1. कापालिक पात्राला हात घालतो, भिक्षू ते छातीशी धरतो.
2. देवसोमा भिक्षूचे केस धरायला झेपावते. डोकं तुळतुळीत. हाताला काहीच लागत नाही आणि ती पडते.
3. भिक्षू थांबून मुंडनाचा नियम घालणाऱ्या बुद्धांच्या दूरदृष्टीला मनोभावे वंदन करतो.
4. तो तिला उठवायला हात देतो. कापालिक ओरडतो: माझ्या देखत पाणिग्रहण!

चौथ्या पायरीत हात दिल्यावर, ओरडण्याआधी, पूर्ण स्तब्धता ठेवा. हात धरलेलं चित्र प्रेक्षकाला दिसलं पाहिजे, मगच ओरडणं.

सावधान: नटाने डोकं भादरलेलं नसेल आणि टकलाची रबरी टोपी असेल, तर देवसोमेचा तळवा सपाट, कपाळाकडून मागे असा घसरला पाहिजे. बोटं वाकली की टोपीची कड उचकटते आणि उरलेलं नाटक त्या कडेकडे बघण्यात जातं. पडताना तिने आधी गुडघा, मग कुल्ला, मग हात टेकवायचा, मनगटावर भार नको.

## टप्पा 9: वेश आणि भस्म

कापालिक आणि पाशुपत दोघेही भस्म लावणारे शैव. सारखे दिसले तर मध्यस्थीचा अर्थ लागत नाही. पाशुपताला नीटनेटकं, सर्वांगाला सारखं भस्म. कापालिकाला ओघळलेलं, घामाने पुसटलेलं, अंगावर सापाची कात. भिक्षूचं चीवर काषाय (भगव्या-तांबूस रंगाचं), उजवा खांदा उघडा, डाव्या खांद्याला आतून टाके घातलेलं. नुसत्या पिना झटापटीत सुटतात.

कोरडी पूड भस्म म्हणून लावाल तर पहिल्या धक्क्यातच चीवरावर पांढरे पंजे उमटतील. पाण्यात कालवलेला रंग लावून पूर्ण वाळू द्या. निदान एक झटापट पूर्ण वेशात करून कापड पाहा.

## टप्पा 10: संगीत आणि प्रकाश

मृदंग आणि झांज पुरे. विनोदावर ठेका देऊ नका. प्रकाश शक्यतो सर्वत्र सारखा आणि स्वच्छ ठेवा. सगळा वाद चेहऱ्यांवर आहे. केरळच्या चाक्यारांच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक संस्कृत नाट्य-नटांच्या, परंपरेत हे नाटक वेगळ्या, विस्तारलेल्या रूपात होतं. त्या मुद्रा आणि ते वेश शिकल्याशिवाय उचलणं टाळा.

## टप्पा 11: रंगीत तालीम आणि प्रयोग

रंगीत तालमीला नाटक माहीत नसलेले पंधरा-वीस लोक बसवा. प्रॉम्प्टरच्या संहितेत प्रत्येक हशाची जागा खुणेने नोंदवा. हशा नशेच्या जागी येतोय की वादाच्या, हे त्या खुणा सांगतील. नशेच्या जागी जास्त आला, तर सातव्या टप्प्यावर परत जा आणि झिंगणं निम्मं करा.

प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या घंटेआधी कपाल उन्मत्तकाच्या विंगेत आहे ना, हे रंगमंच व्यवस्थापकाने स्वतः पाहावं. ते चुकून कापालिकाच्या विंगेत राहिलं, तर नाटकाला शेवट नाही. काळं पात्र भिक्षूच्या हातात, शिंग कापालिकाच्या.

समेट झाल्यावरचं भरतवाक्य (नाटकाच्या शेवटचा मंगल श्लोक) घाईत उरकू नका. भिक्षू आणि पाशुपत निघून जाईपर्यंत प्रकाश बदलू नका, टाळ्यांसाठी थांबा आणि मगच भरतवाक्य घ्या.

पहिल्या प्रयोगाची वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगापर्यंत नट हशाच्या जागी स्वतःची वाक्यं घालू लागतात आणि नाटक लांबत जातं. वेळ चार-पाच मिनिटांनी वाढलेली दिसली की सगळ्यांना टेबलाभोवती बसवा, प्रमाणपत्र मिळालेली संहिता उघडा आणि तिच्यात नसलेलं प्रत्येक वाक्य काढून टाका.